पुटपुट्यांची चाळणी

पडदा हळूहळू वर जाऊ द्या. दिवे पूर्ण नकोत, निम्मेच पुरेत.

समोर दिसते ती नाट्यगृहाच्या पाठीमागची अरुंद खोली. एके काळी इथे केसांचे टोप ठेवत. टोप कधीच विरले, पण ते ज्यांच्यावर चढवून ठेवत ती लाकडी डोकी अजून फळीवर ओळीने बसली आहेत, टकली आणि गंभीर, कुठल्याशा समितीची सभा भरावी तशी. फळीखाली टेबल, टेबलावर घरघरणारा कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे एक सडपातळ म्हातारे गृहस्थ. चष्मा कपाळावर. डावा हात तोंडापाशी, अर्धवट ओंजळीसारखा वाकवलेला. खोलीत दुसरं कोणी नाही, तरी हात तिथेच.

सकाळपासून त्यांनी स्क्रीनवर एकच ओळ उघडून ठेवली आहे. एक चांदणी, एक टिंब, आणि पुढे एका कंपनीचं नाव. ओळ त्यांनीच लिहिलेली. आणि तिच्याकडे त्यांना पाहवत नाही.

हे पुटपुटे. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर असे. उभं आयुष्य त्यांनी प्रॉम्प्टर म्हणून काढलं. विंगेत स्टूल, मांडीवर नाटकाची वही, वहीवर झाकणाचा बारीक दिवा. नटाची जीभ अडली की हात ओठांपाशी न्यायचा आणि पुढचे दोन शब्द असे सोडायचे, की ते नटाच्या कानात पडावेत आणि पहिल्या रांगेला वाऱ्याचीही चाहूल लागू नये. एकदा भर दरबारात राजा गप्प झाला. पुटपुट्यांनी अख्खं भाषण विंगेतून पुरवलं आणि राजेसाहेबांनी ते अशा रुबाबात फेकलं की टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. आत आल्यावर घाम पुसत राजा म्हणाला, "आज रंगली की नाही भूमिका?"

"रंगली," पुटपुटे म्हणाले, "दोघांचीही."

इतक्या हळू म्हणाले की राजाला ते ऐकूच गेलं नाही.

पुढे नटांच्या कानात मटारएवढी यंत्रं आली आणि विंगेतलं स्टूल रिकामं झालं. माणसाला घरी पाठवणं मॅनेजरबाईंच्या जिवावर आलं. त्या स्वभावाने कडक, पण आतून मऊ. त्यांनी पुटपुट्यांना टोपांची खोली दिली आणि नाट्यगृहाला येणारे ईमेल बघायचं काम दिलं. "काका, तुम्ही भराभर वाचता, आणि आरडाओरडा करत नाही. या कामाला आणखी काय लागतं?"

पुटपुटे कामाला लागले. नाट्यगृहाचा पत्ता प्रत्येक पोस्टरवर छापलेला, त्यामुळे त्या पत्त्यावर काय काय यायचं! तिकिटांची चौकशी, शाळांची बुकिंग, नवशिक्या लेखकांची पाच-पाच अंकी नाटकं, आणि त्यांच्यात मिसळून टकलावर केस उगवणारी औषधं, गळक्या छपरांवरचे इलाज, परदेशातल्या कुणा विधवेची इस्टेट. पहिले काही दिवस पुटपुटे सगळ्यांना उत्तरं देत. छपरवाल्यांना त्यांनी लिहिलं होतं, आपली आस्था पाहून आनंद झाला, सध्या आमचं छप्पर ठणठणीत आहे, तरी लोभ असावा. मॅनेजरबाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. "अहो काका, चोर दारात आला तर त्याला पाट-पाणी करता का तुम्ही?"

मग दिवेवाल्याने त्यांना नियम शिकवले. दिवेवाला म्हणजे रंगमंचावरची प्रकाशयोजना सांभाळणारा माणूस. नाट्यगृहातल्या सगळ्या तारा त्याच्या हाताखाली, म्हणून कॉम्प्युटरही त्याच्याच गळ्यात.

"हे बघा काका. पत्त्यात मधे हे गोल चिन्ह असतं ना, त्याच्या अलीकडे माणूस आणि पलीकडे घर. त्या घराला डोमेन म्हणतात. लबाड लोक माणसाचं नाव रोज बदलतात. घर बदलणं जड जातं. म्हणून माणसाच्या मागे लागायचं नाही, घर धरायचं."

"आणि घराच्या पुढेच काहीबाही चिकटवलं तर? कधी 'ऑफर' टिंब घर, कधी 'बातमी' टिंब घर?"

"तिथे चांदणी टाकायची. चांदणी म्हणजे इथे वाटेल ते असो. मागचं शेपूट जुळलं की उचल आणि टाक कचऱ्यात."

पुटपुट्यांचे डोळे लकाकले. हे तर त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. समोरच्या नटाचं सगळं भाषण कोण पाठ करतो? त्याचं शेपूट तेवढं ध्यानात ठेवायचं. "मी पुन्हा येणार नाही" हे शब्द कानावर आले की आपण आत शिरायचं, त्याआधी तो काय बोलला ते त्याचं त्याला लखलाभ. जन्मभर त्यांनी वाक्यांची शेपटं धरली होती. आता पत्त्यांची धरू लागले.

आणि काय हात बसला! महिन्याभरात कचरा निम्म्यावर आला. नाट्यगृहात त्याला 'पुटपुट्यांची चाळणी' म्हणू लागले. काम करायची त्यांची रीतही प्रॉम्प्टरचीच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. नियम लिहिला की तो थेट लागू करत नसत. आधी नुसती तालीम. कॉम्प्युटरला सांगायचं, हा नियम लावला असता तर कोण कोण सापडलं असतं ते दाखव. मग एकेक नाव बोट ठेवून वाचायचं. एकदा छपरवाल्यांसाठी लिहिलेल्या नियमात संगीताच्या एका शाळेचं पत्र सापडलं, कारण दोघांच्या घरांचं शेपूट सारखं होतं. पुटपुट्यांनी शेपटापुढे टिंब वाढवलं आणि शाळा अलगद बाहेर काढली. एखाद्या वाईट घरात एखादा भला माणूस राहत असेल तर त्याच्यासाठी खाली वेगळी ओळ असे: याला वगळा. अशा ओळी त्यांनी आनंदाने लिहिल्या होत्या. एका बाईंसाठी तर फक्त एवढ्यासाठी, की त्या प्रत्येक प्रयोगानंतर "छान झालं" एवढंच कळवत.

म्हणजे बघा, चाळणीतून काय पडतं आणि काय राहतं, हे या माणसाला नेमकं ठाऊक होतं. आता वस्ताद.

वस्ताद म्हणजे नाट्यगृहाचे रंगभूषाकार. विशीतल्या पोराला आरशापुढे बसवून मध्यंतर संपायच्या आत थकलेला आजोबा करायचे, आणि आजोबा असा की पोराची आई प्रेक्षकांत बसून डोळे पुसायची. अंक सुरू झाला की रंगभूषाकाराला काही काम नसतं. वस्ताद उलटं खोकं घेऊन विंगेत पुटपुट्यांच्या स्टुलाशेजारी येऊन बसत. गुडघ्याला गुडघा. एका ग्लासातला चहा दोघांत. वादळाच्या प्रवेशात मोठमोठे लोखंडी पत्रे हलवून गडगडाट करत, तो वस्तादांच्या डोक्याशीच. एवढ्या वर्षांच्या त्या वादळांनी त्यांचे कान नेले. मग हात थरथरू लागले. बायको आधीच गेलेली, मूल नव्हतं. वस्ताद गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात राहायला गेले. पोचवायला पुटपुटे गेले होते. निघताना म्हणाले, "दर रविवारी येईन."

एका रविवारी गेले. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी जायचं होतं, पण उठवलं नाही. जेवणघरात ओळीने मांडलेल्या खुर्च्या, भिंतींना धरायचे दांडे, माना खाली घालून बसलेली माणसं. ते सगळं डोळ्यांपुढे आलं की चपला पायांत सरकत नसत.

कान गेलेले, त्यामुळे वस्तादांना फोनचा उपयोग नाही. आश्रमाने प्रत्येकाला ईमेलचा पत्ता दिला होता. वस्ताद एका बोटाने टाइप करून रोज नाट्यगृहाला लिहीत, कारण त्यांना दुसरा पत्ता माहीतच नव्हता.

"पुटपुट्या भाजीत मीठ नाही इथे मीठ मागितलं की रक्तदाब काढतात केव्हा येतोस"

"नव्या नाटकाचं पोस्टर पाहिलं नायिकेच्या भुवया आहेत की सुरवंट त्या रंगवणाऱ्या पोरीला सांग ब्रश आडवा धर केव्हा येतोस"

"शेजारचा इतका घोरतो की मला बहिऱ्यालाही ऐकू येतं केव्हा येतोस"

पुटपुटे आधी लांबलचक उत्तरं देत. मग चार ओळी. मग "वाचलं, हसलो." मग नुसतं "वाचलं." प्रत्येक पत्राच्या टोकाशी ते दोन शब्द बसलेले असत, आणि ते यायच्या आधीच पुटपुटे पत्र मिटून टाकत. शेपूट ओळखायची सवय, दुसरं काय.

त्यातच आश्रम चालवणाऱ्या कंपनीने जाहिरातींचा धडाका लावला. कंपनीचे असे पुष्कळ आश्रम होते, आणि नाट्यगृहात म्हातारी माणसं बरीच असतात हे तिला कोणीतरी सांगितलं असावं. आजच खोली नोंदवा. सोबत मित्राला आणा. उतारवय हसत घालवा. रोज नवं नाव, नवी पुढची जोड, शेपूट तेच. मॅनेजरबाई वैतागल्या. "काका, या आश्रमवाल्यांचं तोंड आधी बंद करा बघू. आज मला विचारलंय, तुमची आई अजून घरीच आहे का!"

पुटपुट्यांनी नियम लिहिला. चांदणी, टिंब, कंपनीचं नाव. त्याखाली दुसरा, पुढे कोणतीही जोड नसलेल्या साध्या पत्त्यांसाठी. सापडेल ते थेट कचरापेटीत, आणि कचरापेटी महिन्याकाठी आपोआप रिकामी होते. मग नेहमीप्रमाणे तालीम घेतली. जाहिरात, जाहिरात, जाहिरात, वस्ताद. जाहिरात, जाहिरात, वस्ताद.

बोट त्या नावावर थांबलं.

एक ओळ लिहायची होती. याला वगळा. पुटपुट्यांनी कर्सर त्या रिकाम्या जागी नेलासुद्धा. तो तिथे लुकलुकत राहिला. बाहेर रंगमंचावर कोणीतरी खिळे ठोकत होतं. पुटपुट्यांच्या मनात आलं, उद्या लिहू. चार दिवस जरा शांततेत जातील. चार दिवस कोणी केव्हा येतोस विचारणार नाही. त्याने काय बिघडतं?

त्यांनी बटण दाबलं आणि चष्मा पुसला. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. पुढे या सगळ्यातली हीच गोष्ट त्यांना सर्वांत जास्त छळणार होती.

उद्याचा परवा झाला. परवाचा पुढचा आठवडा. दोनदा त्यांनी नियम उघडला आणि चहा आला म्हणून मिटला. शांततेची माणसाला फार लवकर सवय होते. वस्ताद रुळले असतील, पुटपुटे स्वतःला सांगत. पत्ते खेळायला कोणी भेटलं असेल. लिहायचं सुचत नसेल आता. लिहिलेलं जातं कुठे हे ज्याला पक्कं ठाऊक, तोच माणूस मनाशी असं म्हणत होता.

आणि मग आज सकाळी मॅनेजरबाई फोन हातात धरूनच दारात आल्या.

"काका, वस्तादांच्या आश्रमातून मेट्रनबाई बोलत होत्या. वस्तादांचा डावा डोळा गेला."

"गेला म्हणजे?"

"आतला पडदा सुटला म्हणे. वेळेवर नेलं असतं तर चिकटवता आला असता. पण त्यांनी तिथे कोणाला सांगितलंच नाही. मेट्रन रागावल्या तेव्हा म्हणाले, मी थिएटरला कळवलं होतं, रोज कळवत होतो. आपल्याकडे काही आलं होतं का हो?"

"बघतो," पुटपुटे म्हणाले.

कचरापेटी अजून रिकामी व्हायची होती. पत्रं एकाखाली एक पडून होती.

"पुटपुट्या डाव्या डोळ्यात बाजूने काळा पडदा उतरतोय इथे सांगितलं तर लगेच इस्पितळात टाकतील मला अनोळखी माणसांबरोबर जायचं नाही तू ये आपण दोघं जाऊ"

"पडदा अर्ध्यावर आला"

"पुटपुट्या अंक संपायच्या आधीच पडदा पाडतोय कोण तो दोरीवाला"

"फक्त वरची एक फट राहिली आहे त्यातून खिडकी दिसते तू येशील म्हणून रोज खिडकीत बसतो"

"रागावलास का"

शेवटच्या पत्राला मजकूर नव्हता. फक्त पत्ता होता.

मॅनेजरबाईंनी दिवेवाल्याला हाक मारली. त्याने खांद्यावरून वाकून नियम वाचला आणि जीभ चावली. "अरेरे. काका, हे नियम सगळं घरच उचलतायत. जाहिरातवालेही आणि आत राहणारेही. होतं असं. माझ्या हातून तर एकदा सगळ्या लेखकांची नाटकं कचऱ्यात गेली होती."

"त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या. मग त्यांनी पुटपुट्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मनाला लावून घेऊ नका. यंत्राला काय कळतं, आपला कोण आणि परका कोण? मी तसं कळवते त्यांना. तांत्रिक चूक झाली म्हणून."

पुटपुट्यांचा हात तोंडापाशी होता. तो बाजूला करून एक वाक्य बोलायचं होतं. मॅनेजरबाई दारापर्यंत पोचल्या, दिवेवाला त्यांच्या मागोमाग गेला, दार लोटलं गेलं, आणि वाक्य हाताच्या आतच राहिलं.

म्हणून ते त्या ओळीपुढे बसले होते. फळीवरची लाकडी डोकी वरून बघत होती. शेवटी त्यांनी ती ओळ लिहिली. याला वगळा. लिहायला किती वेळ लागला? तेवढा वेळ कोणालाही काढता आला असता.

दुसऱ्या दिवशी चाळणीतून पहिलंच पत्र आलं.

"पुटपुट्या मेट्रनने सांगितलं यंत्राचा घोळ होता मी उगाच तुझ्याबद्दल वाईट मनात आणलं मला वाटलं तूच टाकलंस मला माफ कर डोळ्याचं काही नाही एक आहे अजून"

पुटपुटे तसेच उठले आणि भर कामाच्या वेळी घरी गेले. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्या दातांत चिमटा होता. तो काढून ती म्हणाली, "अहो, एवढ्या लवकर? बरं नाही का?"

"वस्तादने माफी मागितलीय."

"कोणाची?"

"माझी."

तिला डोळ्याची हकिगत कालच कळली होती. "चांगलं मन आहे त्यांचं. आणि तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

पुटपुट्यांनी बादलीतला एक रुमाल उचलला आणि पुन्हा ठेवला. तिने हातातला टॉवेल दोरीवर टाकला, पण चिमटा लावला नाही. संसार फार वर्षांचा होता. तिला त्यांची कुजबुजही ऐकू येई आणि गप्प बसणंही.

"अहो?"

"अगं, मला त्याचं नाव दिसलं होतं. आधीच दिसलं होतं. सोडवता आलं असतं. नाही सोडवलं."

तिने दोरीवरच्या टॉवेलला चिमटा लावला. मग म्हणाली, "सांगा त्यांना."

"आता सांगून काय मिळणार? एक तर डोळा गेला, त्यात हे ऐकलं तर त्याला केवढं लागेल!"

"त्यांना लागेल, का तुम्हाला?"

"तू ना..."

"मी काही म्हणत नाही. त्यांनी मागितलेली माफी पचते का बघा. पचली तर राहा घरी."

पुटपुट्यांनी चपला काढल्याच नव्हत्या.

आश्रमात पोचले तेव्हा जेवणं चालू होती. लांबलचक हॉल, फिनेलचा वास, भिंतींना दांडे, ताटांवर चमच्यांचा आवाज. खिडकीजवळच्या टेबलाशी वस्ताद बसले होते. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. पुटपुटे डावीकडून आले, म्हणून वस्तादांना दिसले नाहीत. त्यांना वळसा घालून उजवीकडे यावं लागलं.

"अरे! अरे पुटपुट्या!" वस्ताद एवढ्याने ओरडले की दोन टेबलांपलीकडची आजी दचकली. त्यांनी पुटपुट्यांचा हात धरून खाली बसवलं आणि दुसऱ्या हाताने चेहरा चाचपला. हनुवटी, गाल, कपाळ. "सुकलास रे. गालफडं बसली. या गालांवर आता मला काही करावंच लागणार नाही, तू मेकअपशिवायच आजोबा झालास." मग टेबलावरच्या मंडळींकडे वळून, "हा आमचा पुटपुट्या! मोठमोठे नट याच्या जिवावर तरले. बिचाऱ्याच्या यंत्राने घोळ केला, नाहीतर हा कधीच आला असता. काय रे?"

टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. एकाने पुटपुट्यांसाठी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. वस्ताद आपल्या ताटातली भाजी त्यांच्यापुढे करत म्हणाले, "चाखून बघ. मीठ आहे का सांग."

पुटपुटे त्यांच्या कानाशी वाकले. हात आपोआप ओठांपाशी गेला. "वस्ताद, यंत्राचा घोळ नव्हता तो."

"काय?"

"यंत्राचा घोळ नव्हता."

"काही ऐकू येत नाही. तो हात काढ तोंडावरचा. मोठ्याने बोल, इथे काही नाटक चालू नाही."

पुटपुट्यांनी इकडेतिकडे पाहिलं. भरलेला हॉल. वाढणाऱ्या बायका. दारात मेट्रन. उभ्या जन्मात चार माणसांपुढे त्यांनी आवाज चढवला नव्हता. शेजारचं स्टूल सोडून पलीकडे ऐकू जाऊ नये, एवढ्यासाठीच त्यांना पगार मिळत असे. त्यांनी हात खाली घेतला. तो कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून टेबलाची कड धरली.

"मी केलं!"

"अं?"

"मी केलं, वस्ताद! नियम मी लिहिला होता! तुझं नाव मला दिसलं होतं! तू आत सापडतोयस हे मला आधी कळलं होतं! तुला बाहेर काढायला एक ओळ पुरे होती! मी नाही काढलं!"

आवाज फाटला. चमचे थांबले. वाढणारी बाई डाव हवेत धरून उभी राहिली. ग्लास पुढे करणाऱ्या म्हाताऱ्याने ग्लास हळूच मागे ओढला.

वस्तादांचा एक डोळा पुटपुट्यांच्या तोंडावर खिळला होता. ऐकू आलं होतं. सगळ्या हॉलला ऐकू आलं होतं.

"का?" वस्तादांनी विचारलं. हे मात्र हळू.

बसमध्ये पुटपुट्यांनी याची चांगली चार उत्तरं जमवली होती. कामाचा ताण. जाहिरातींचा पूर. विसरलो. उद्या करणार होतो. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही.

"कंटाळा आला होता!" ते ओरडले. "तू रोज विचारायचास, केव्हा येतोस! मला यायचं नव्हतं! तुझा कंटाळा आला होता मला!"

वस्तादांनी हातातला घास ताटात ठेवला. ताट पुढे सारलं. पट्टीच्या कडेला बोट लावून ती नीट केली, नीट होतीच तरी. आरशापुढे बसलेल्या नटाचं काम बिघडलं की ते अशाच नेटकेपणाने कापसाने सगळं पुसून टाकत. पुटपुटे वाट पाहत होते, शिवीची, पाण्याचा ग्लास अंगावर येण्याची, कशाचीही.

"एवढ्या मोठ्याने सांगायचं काही नडलं होतं का," वस्ताद म्हणाले.

टेबलाच्या टोकाला कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"वस्ताद..."

"मला पडायचंय थोडं."

ते टेबलाला धरून उठले. पुटपुट्यांनी हात पुढे केला. तो हात वस्तादांनी बाजूला केला, झिडकारला नाही, नुसता बाजूला केला, जसा पडदा सारतात तसा. ते भिंतीच्या दांड्याकडे निघाले. थरथरता उजवा हात पुढे, मान ताठ. अख्खा हॉल त्यांच्या पाठीकडे पाहत होता. पुटपुटे उभेच होते. आपण जावं की थांबावं, मागोमाग जाण्याचा आपल्याला काही हक्क उरला आहे का, हे त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात त्यांना दिसलं. जेवून गेलेल्या कोणीतरी एक खुर्ची वाटेतच सोडली होती. वस्तादांच्या डाव्या बाजूला, अगदी गुडघ्याच्या उंचीला. उजव्या डोळ्याला ती दिसणं शक्य नव्हतं. आणखी दोन पावलं.

पुटपुट्यांचा हात ओठांकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"वस्ताद! डावीकडे खुर्ची आहे!"